सॅव्हॉयचे मास्तर

लिंडी हॉप या नाचाची पहिली तालीम ज्याने चालवली, तो माणूस पेशाने बाउन्सर होता. हर्बर्ट व्हाइट त्याचं नाव. पूर्वी बॉक्सिंग खेळलेला, काळ्या केसांत एक पांढरी बट, म्हणून सगळे त्याला ‘व्हाइटी’ म्हणायचे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये दंगा करणाऱ्याचं बखोट धरून त्याला रस्त्यावर नेऊन सोडायचं, हे त्याचं पगारी काम. पण रात्र रात्र उभं राहून त्याची नजर तयार झाली होती. कोणत्या पोराच्या पायात जीव आहे, कोणती पोरगी ताल सोडून धावत नाही, हे त्याला चटकन कळायचं. अशी पोरं तो हेरायचा, त्यांना फुकट आत घ्यायचा, दुपारी हॉल रिकामा असताना सराव करू द्यायचा. पुढे त्यांचे ताफे बांधून त्याने ते रंगभूमीवर, सिनेमात आणि परदेशी दौऱ्यांवर पाठवले, आणि बिदागीतला मोठा वाटा स्वतःच्या खिशात घातला.

गुरू, मुकादम की दलाल? तो तिन्ही होता. आज सोलपासून स्टॉकहोमपर्यंत स्विंग नाच शिकवून पोट भरणारे शिक्षक आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची वंशावळ मागे नेत गेलं, तर ती या बाउन्सरच्या पोरांपाशी येऊन पोचते. आणि त्या पोरांपैकी एकालाही कधी कोणी वर्गात उभं करून हा नाच शिकवला नव्हता.

सॅव्हॉय उघडलं ते 12 मार्च 1926 रोजी, लेनॉक्स ॲव्हेन्यूवर, 140 आणि 141 नंबरच्या रस्त्यांच्या मधे. दोन रस्त्यांमधली सगळी लांबी त्या इमारतीने व्यापली होती. मालक मो गेल गोरा, व्यवस्थापक चार्ल्स ब्यूकॅनन काळा. आत शेजारी शेजारी दोन मंच होते. एका वाद्यवृंदाचं वाजवणं थांबलं की दुसऱ्याचं सुरू, त्यामुळे नाचणाऱ्याला बसायला सबबच मिळत नसे. लाकडी जमीन मुद्दाम लवचीक केलेली होती आणि पावलांच्या माऱ्याने ती इतकी झिजायची की काही वर्षांनी बदलावी लागे. त्या काळी हार्लेमच्याच कॉटन क्लबमध्ये वाजवणारे काळे, नाचणारे काळे आणि खुर्च्यांवर मात्र गोरे, असा रिवाज होता. सॅव्हॉयमध्ये तिकीट काढेल तो आत यायचा आणि कोणाबरोबरही नाचायचा. 1926 च्या अमेरिकेत ही गोष्ट साधी नव्हती. 1943 मध्ये पोलिसांनी अनैतिकतेचा ठपका ठेवून सॅव्हॉयला काही महिने टाळं लावलं, तेव्हा खरं कारण काळे-गोरे एकत्र नाचतात हेच आहे, असं हार्लेममध्ये उघड बोललं जात होतं.

गुरुवारची रात्र मोलकरणींची असायची. गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी करणाऱ्या बायकांना त्या संध्याकाळी सुट्टी असे, म्हणून त्या रात्रीचं नावच ‘किचन मेकॅनिक्स नाइट’ पडलं होतं. शनिवारी बाहेरून आलेल्या बघ्यांची झुंबड उडे. कसलेले नाचणारे मंगळवारी यायचे, तेव्हा गर्दी कमी आणि पाय पसरायला जागा जास्त.

हे नाचणारे होते कोण? बहुतेक दक्षिणेतून पोट भरायला आलेल्या कुटुंबांची पोरं. फ्रँकी मॅनिंगचा जन्म 26 मे 1914 चा, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. तीन वर्षांचा असताना आई त्याला घेऊन हार्लेमला आली. आईला नाचाचं वेड होतं. पोरगा थोडा मोठा झाल्यावर ती त्याला रेनेसाँ बॉलरूममध्ये घेऊन गेली, त्याच्याबरोबर नाचली आणि तिथेच तिने निकाल देऊन टाकला, की तू फार ताठ आहेस, तुला नाच जमायचा नाही. पोराने घरी येऊन खोलीचं दार लावलं आणि झाडू हातात घेऊन, कधी खुर्ची धरून सराव सुरू केला. जगातल्या सर्वांत लाडक्या नृत्यशिक्षकाची पहिली जोडीदारीण झाडू होती, हे मला फार आवडतं.

नॉर्मा मिलर त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, 2 डिसेंबर 1919 ला हार्लेममध्येच जन्मलेली. वडील तिच्या जन्माआधीच गेले. आई बार्बाडोसहून आलेली, घरकामं करून दोन मुली वाढवणारी. त्यांचं घर सॅव्हॉयच्या मागच्या बाजूला होतं. उन्हाळ्यात सॅव्हॉयच्या खिडक्या उघड्या असायच्या, आणि नॉर्मा घराच्या बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून नाचणाऱ्यांच्या सावल्या बघत पावलं उचलायची. 1932 च्या ईस्टरच्या रविवारी ती फुटपाथवर नाचत असताना ‘ट्विस्टमाउथ’ जॉर्ज या नावाजलेल्या नाचणाऱ्याने तिला पाहिलं आणि हाताला धरून आत नेलं. नॉर्मा बारा वर्षांची होती. एक नाच झाला आणि तिला परत बाहेर सोडण्यात आलं. त्यानंतर सत्त्याऐंशी वर्षं तिने या गोष्टीचा पिच्छा सोडला नाही.

शिकण्याची रीत म्हणजे बघणं. मंचाच्या एका बाजूचा कोपरा ‘कॅट्स कॉर्नर’ म्हणून ओळखला जाई. तिथे फक्त पट्टीचे नाचणारे उभे राहायचे, नवख्याने पाऊल टाकलं तर त्याची खैर नसे. नवखा बाहेरून बघायचा, डोळ्यांनी चोरायचा, घरी जाऊन आठवायचा आणि आठवताना चुकायचा. त्या चुकीतून त्याचं स्वतःचं काहीतरी निघायचं. टॅप नाचणाऱ्यांच्या हार्लेममधल्या हूफर्स क्लबात तर दुसऱ्याचं पाऊल जसंच्या तसं उचलू नये, असा दंडकच होता. नक्कल ही तिथे चोरीहून वाईट मानली जाई. या एका मुद्द्यावर नंतरच्या सगळ्या नृत्यवर्गांची गोची झाली आहे, पण त्याकडे पुढे येऊ.

नाचाची घडण थोडक्यात अशी: जोडी जवळ येते, गिरकी घेते आणि एका हाताने धरून एकमेकांपासून दूर फेकली जाते. याला स्विंगआउट म्हणतात. दूर गेल्यावर दोघंही मोकळे. त्या क्षणात वाद्यवृंद जे वाजवतोय त्याला उत्तर द्यायचं, आणि पुन्हा जवळ यायचं. या घडणीला आकार देणाऱ्यांत पहिलं नाव ‘शॉर्टी’ जॉर्ज स्नोडनचं. हा पाच फुटांच्या आसपास उंचीचा, आणि त्याची जोडीदारीण बिग बी त्याच्याहून कितीतरी उंच. नाच संपताना ती त्याला पाठीवर घेऊन निघून जायची आणि लोक हसून लोटपोट व्हायचे. नावाची कथा अशी सांगतात की 1927 मध्ये चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडला, त्या गाजावाजात कोणी विचारलं हे काय नाचताय, तर उत्तर आलं लिंडी हॉप. कथा छान आहे. छान कथांवर जेवढा विश्वास ठेवावा तेवढाच हिच्यावर ठेवावा.

1935 मध्ये शॉर्टी जॉर्जच्या जुन्या मंडळींनी व्हाइटीच्या पोरांना आव्हान दिलं. फ्रँकीने विचार केला, बिग बी शॉर्टीला नुसती पाठीवर घेते, पण तिथून पलीकडे फेकलं तर? जोडीदारीण फ्रीडा वॉशिंग्टनला हे पटवणं सोपं नव्हतं. जमिनीवर गादी टाकून त्यांनी सराव केला, पडले, पुन्हा केला. स्पर्धेच्या रात्री चिक वेबचा वाद्यवृंद वाजवत होता. फ्रँकीने फ्रीडाला पाठीवरून उलटी घेऊन पलीकडे उतरवली, ती बरोबर तालावर पायांवर आली आणि सॅव्हॉय वेडं झालं. लिंडी हॉपमधल्या हवेतल्या उड्यांचा जन्म हा. गंमत म्हणजे शॉर्टीला हरवायला निघालेल्या पोराने डाव उचलला तो शॉर्टीच्याच विनोदातून, फक्त तो पुढे नेला. हूफर्स क्लबच्या दंडकाप्रमाणे हे अगदी चोख वागणं झालं. फ्रँकीने शरीराची ठेवणही बदलली. जुने लोक ताठ उभे राहून नाचत. हा धावपटूसारखा पुढे झुकला, जमिनीला जवळ गेला. लिऑन जेम्स नावाच्या त्याच्या सोबत्याचे पाय रबराचे असावेत असे वळायचे. अल मिन्स हाडकुळा आणि खट्याळ. एका ताफ्यातले तिघं, पण तिघांचे नाच तीन.

मग दौरे सुरू झाले. 1935 मध्येच युरोप, 1938 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. 1937 च्या ‘अ डे ॲट द रेसेस’ या मार्क्स बंधूंच्या सिनेमात, आणि 1941 च्या ‘हेल्झापॉपिन’मध्ये व्हाइटीची पोरं झळकली. ‘हेल्झापॉपिन’मधला नाच फ्रँकीने बसवला होता. त्यात चार जोड्या आहेत, त्यात फ्रँकी, नॉर्मा आणि अल मिन्स तिघंही आहेत, आणि कपडे आहेत स्वयंपाकी, मोलकरीण, मेकॅनिक असे. नाच एवढा अफाट, पण कथेत त्यांना स्थान नाही. काळ्या कलावंतांचे असे प्रसंग मुद्दामच सुटे ठेवले जात, म्हणजे दक्षिणेतल्या थिएटरवाल्यांना ते कापून टाकता यावेत.

त्याच काळात नाच शिकवण्याचा एक अगदी वेगळा धंदा अमेरिकेत तेजीत होता. आर्थर मरे हा गॅलिशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला मुलगा. पावलांचे ठसे छापलेले कागद पोस्टाने घरोघर पाठवून, ते जमिनीवर मांडून नाच शिका, अशी त्याची योजना होती आणि ती तुफान चालली. पुढे देशभर त्याच्या नावाचे स्टुडिओ निघाले. रस्त्यावरचा नाच घ्यायचा, त्याचे कोपरे घासून गुळगुळीत करायचे, पायऱ्या पाडायच्या आणि तासावर विकायचा, ही पद्धत त्यानेच बसवली. मी मरेला खलनायक मानत नाही. बुजऱ्या कारकुनांना त्याने लग्नात नाचण्याची हिंमत दिली. पण त्याच्या शाळांनी स्विंग शिकवला तेव्हा तो कोणाकडून आला, हे सांगण्याची गरज त्या शाळांना वाटली नाही. पश्चिम किनाऱ्यावर डीन कॉलिन्स होता. मूळचा सॉल कोहेन, नेवार्कच्या ज्यू घरातला, सॅव्हॉयमध्ये नाच पाहून-उचलून 1930 च्या दशकात लॉस एंजेलिसला गेलेला. हॉलिवूडच्या सिनेमांतून गोऱ्या प्रेक्षकांनी जो जिटरबग नाच पाहिला, त्यावर त्याचा मोठा ठसा आहे. 23 ऑगस्ट 1943 च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने लिंडी हॉपला अमेरिकेचा खरा लोकनाच ठरवलं. मुखपृष्ठावर गोरी जोडी होती. लिऑन जेम्स आणि विला मे रिकर आतल्या पानांवर.

त्याच वर्षी फ्रँकी सैन्यात भरती झाला आणि पॅसिफिक आघाडीवर गेला. तो परतला तोवर जग पालटलं होतं. 1944 मध्ये सरकारने नाच आणि करमणूक असलेल्या क्लबांवर तीस टक्के कर बसवला, पुढे तो वीसवर आला. मालकांनी सोपा मार्ग काढला: नाच बंद, नुसतं बसून ऐका. मोठे वाद्यवृंद परवडेनात. नव्या पिढीचा बीबॉप ऐकायला भारी, पण त्यावर जोडीने नाचणं कठीण. फ्रँकीने ‘काँगरूज’ नावाचा छोटा ताफा काढून 1955 पर्यंत तग धरला. घरी बायको-मुलं होती. तो पोस्टात नोकरीला लागला आणि तीस वर्षांहून अधिक काळ टपाल वर्गीकरण करत राहिला. नॉर्मा हटवादी होती. स्वतःचा ताफा, मग लास व्हेगास, विनोदवीर रेड फॉक्सच्या सोबतीने विनोदी कार्यक्रम, व्हिएतनाममधल्या सैनिकांसमोर करमणूक, असं करत तिने रंगमंच सोडला नाही. सॅव्हॉय 1958 मध्ये बंद झालं आणि गृहसंकुलासाठी पाडलं गेलं.

इथे एक वळसा घेतो, कारण तो आपल्या मुंबईतून जातो. सॅव्हॉयच्या उद्घाटनाच्या रात्री जे वाद्यवृंद वाजले, त्यांतल्या ‘बेअरकॅट्स’चा नायक लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक होता. नऊ वर्षांनी, 1935 मध्ये, तोच ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्याच्यामागोमाग क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. त्यांच्या सहवासात आणि त्यांचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले. फ्रँक फर्नांड वेदरफोर्डबरोबर वाजवत असे. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेला आंतोनियो झेवियर वाझ पुढे पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा साथीदार झाला. 1951 च्या ‘अलबेला’त जो स्विंग ऐकू येतो, त्यावर भगवानदादा आपली ती खास डुलती पावलं टाकतात. म्हणजे हार्लेमचं संगीत दोन पायऱ्यांत लालबाग-परळपर्यंत पोचलं. नाच मात्र आला नाही. भगवानदादांची पावलं त्यांची स्वतःची होती, मुंबईच्या मातीतली, आणि ती थोर आहेत. पण ती लिंडी हॉप नाहीत. ताजच्या मंचावर वादक आले, व्हाइटीची पोरं आली नाहीत. सूर तबकडीत भरून बोटीने पाठवता येतो. स्विंगआउटमधली ओढ, दोन हातांमधला तो ताण, हे तबकडीत मावत नाही. त्यासाठी माणूस यावा लागतो.

ही गोष्ट सगळ्यांत जास्त जाणवली ती 1980 च्या दशकातल्या तरुण स्वीडिश नाचणाऱ्यांना. स्टॉकहोमच्या या मंडळींनी जुन्या सिनेमांतले तुकडे मिळवून पुन्हा पुन्हा पाहिले होते. पण ‘हेल्झापॉपिन’ इतक्या वेगात जातो की काय होतंय ते दिसतं, कसं होतंय ते दिसत नाही. म्हणून 1984 मध्ये काही जण थेट न्यूयॉर्कला गेले. तिथे सँड्रा कॅमेरॉनच्या नृत्यशाळेत त्यांना अल मिन्स सापडला.

अल मिन्स हा शिकवण्याकडे वळलेला पहिल्या फळीतला पहिला माणूस म्हणता येईल. त्यामागे दोन विद्वान होते. मार्शल स्टर्न्स हंटर कॉलेजात मध्ययुगीन इंग्रजी साहित्य, म्हणजे चॉसर वगैरे, शिकवायचे आणि उरलेलं आयुष्य जॅझला द्यायचे. 1950 च्या दशकात ते व्याख्यानांना मिन्स आणि लिऑन जेम्स यांना बरोबर नेत: प्राध्यापक बोलणार, हे दोघं करून दाखवणार. पत्नी जीन यांच्यासह लिहिलेला त्यांचा ‘जॅझ डान्स’ हा ग्रंथ 1968 मध्ये आला. दुसऱ्या मुरा डेन, रशियातून आलेल्या नर्तकी. सॅव्हॉयच्या नाचणाऱ्यांचं चित्रीकरण करून त्यांनी ‘द स्पिरिट मूव्हज’ हा दस्तऐवज उभा केला. या दोघांमुळे मिन्सला आपण जे करतो ते शब्दांत सांगायची थोडी सवय झाली होती. स्वीडिश पाहुण्यांच्या आग्रहावरून तो स्टॉकहोमला जाऊन शिकवून आला. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1985 मध्ये, तो गेला.

त्याच्या न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांनी आणि इतरांनी मिळून त्या वर्षी न्यूयॉर्क स्विंग डान्स सोसायटी काढली. संस्थापकांत रॉबर्ट क्रीझ होते, विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. या नाचाच्या इतिहासात प्राध्यापकांचा एवढा वावर का, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. हार्लेमच्या स्मॉल्स पॅरडाइज या नाइटक्लबमध्ये एक मोठा वाद्यवृंद अजून वाजत असे, आणि तिथे एक सडसडीत, हसतमुख, टक्कल पडलेला पोस्टमन अधूनमधून नाचायला येई.

1986 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या एरिन स्टीव्हन्सने आणि तिच्या जोडीदाराने त्याला फोन केला, की तुम्हीच का ते नाचणारे फ्रँकी मॅनिंग? तो मी पोस्टात काम करतो म्हणाला. शिकवायला तयार नव्हता, मी शिक्षक नाही, हे त्याचं प्रामाणिक मत होतं. आग्रह चालू राहिला, शेवटी तो हो म्हणाला. वय बहात्तर.

अडचण लगेच समोर आली. कोणी विचारलं, हे पाऊल कितव्या मात्रेवर? सॅव्हॉयमध्ये कोणी मात्रा मोजत नव्हतं. फ्रँकीला नाचून दाखवता येत होतं. मधेच थांबून, उलटा फिरून, डावा पाय कुठे होता ते सांगणं हे वेगळंच काम होतं. विद्यार्थ्यांनी त्याच्याकडे बघून तुकडे पाडले, ते तुकडे त्याला दाखवले, आणि आपण काय करतो हे तो विद्यार्थ्यांकडून शिकला. आकडे लोकांना हवे होते म्हणून त्याने आकडे सांगितले, पण त्याचा खरा ओढा तोंडाने ताल म्हणण्याकडे होता. आपल्याकडे तबल्याचे बोल म्हणतात तसे तो पावलांचे बोल म्हणायचा, आणि त्या उच्चारांतच कुठे जोर द्यायचा, कुठे रेंगाळायचं, हे येऊन जायचं. आकड्यांत ते कधीच येत नाही. पाच आणि सहा यांच्यामधे किती आळस आहे हे पाच आणि सहा सांगत नाहीत. दुसरी गोष्ट तो प्रत्येक वर्गात करायला लावायचा: पुरुषांनी जोडीदारणीपुढे वाकून नमस्कार करायचा. ती राणी आहे, आणि पुढची तीन मिनिटं तुम्ही तिच्या प्रेमात आहात. काहींना हे जुनाट वाटे. पण अनोळखी माणसाचा हात हातात घेताना घाबरलेल्या पन्नास जणांच्या खोलीतलं वातावरण त्याने बदलायचं, याला साक्षी पुष्कळ आहेत.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्याला दुसरं आयुष्य मिळालं. 1989 मध्ये ‘ब्लॅक अँड ब्लू’ या ब्रॉडवेवरच्या कार्यक्रमाच्या नृत्यरचनेसाठी तिघांसह टोनी पुरस्कार, 1992 च्या ‘माल्कम एक्स’मधल्या बॉलरूम प्रसंगासाठी मदत, 2000 मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान. आणि दर उन्हाळ्यात हेरेंग. स्टॉकहोमच्या उत्तरेला असलेलं हे जुन्या लोखंडाच्या खाणीचं खेडं. 1982 मध्ये स्वीडिश मंडळींनी तिथे छोटं शिबिर भरवलं. पुढे ते एवढं फुगलं की जुलैत हजारो नाचणारे तिथे तंबू ठोकू लागले. वाढदिवसाला फ्रँकी जेवढं वय तेवढ्या बायकांबरोबर ओळीने नाचायचा: ऐंशीव्या वर्षी ऐंशी, पंच्याऐंशीव्या वर्षी पंच्याऐंशी. पंच्याण्णवाव्या वाढदिवसाची तयारी जोरात चालू असताना, महिनाभर आधी, 27 एप्रिल 2009 ला तो गेला. सोहळा रद्द झाला नाही.

नॉर्मा हेरेंगला यायची ती वेगळ्या तोऱ्यात. फ्रँकी गोड, ती फटकळ. पाऊल चुकलं तर चालेल, पण कंटाळवाणं दिसलेलं तिला खपत नसे. पोशाख, चाल, रंगमंचावर येणं, याबद्दल ती व्यावसायिक कलावंताच्या कडकपणाने बोलायची, आणि व्हाइटीने पैसे कसे खाल्ले हेही सांगायची. फ्रँकीच्या गोडव्यावर अनेक लेख आहेत. मला वाटतं, या पोरांना हा रोजगार होता, छंद नव्हता, हे विद्यार्थ्यांना नॉर्मामुळे कळलं. ती 5 मे 2019 ला गेली, नव्व्याण्णव वर्षांची. यांच्या जोडीला डॉन हॅम्प्टन होती, वाजवणाऱ्या कुटुंबात वाढलेली, ट्राँबोनवादक स्लाइड हॅम्प्टनची बहीण. ती पावलं कमी आणि ऐकणं जास्त शिकवायची.

ब्लूजवरच्या नाचाची कहाणी याहून विस्कळीत आहे, कारण तिला सॅव्हॉय नव्हतं. हा नाच दक्षिणेतल्या जूक जॉइंटांचा, म्हणजे रानावनातल्या, लाकूडतोडीच्या तळांवरच्या दारूगुत्त्यांचा, आणि शहरांतल्या भाडेपार्ट्यांचा. घरभाडं थकलं की हार्लेममधलं कुटुंब दिवाणखान्यातलं सामान हलवायचं, पियानोवाल्याला बोलवायचं, तळलेले मासे आणि चोरटी दारू ठेवायचं आणि दाराशी थोडके पैसे घ्यायचं. जागा एवढीशी की दोघांना एकमेकांपासून दूर फेकणं शक्यच नाही. जागच्या जागी, अंगाला अंग लावून, नुसत्या वजनाच्या झोक्यावर नाचायचं. त्यातल्या एका प्रकाराचं नाव स्लो ड्रॅग. 1929 मध्ये वॉलेस थरमनच्या ‘हार्लेम’ या नाटकात तो ब्रॉडवेवर दिसला, तेव्हा गोऱ्या समीक्षकांनी नाकं मुरडली आणि हार्लेममधले सभ्य लोकही अवघडले. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने, जिने मानववंशशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, 1934 च्या एका निबंधात जूकला काळ्या संगीताचं आणि नाचाचं उगमस्थान म्हटलं. एवढं सोडलं तर या नाचाची नोंद फार थोडी.

1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात स्विंगची लाट आली. 1996 चा ‘स्विंगर्स’ सिनेमा आणि 1998 ची गॅपच्या खाकी पँटींची जाहिरात यांनी वर्ग तुडुंब भरले. शिबिरांत रात्री उशिरा, लिंडीने दमलेली मंडळी संथ गाण्यांवर नाचू लागली आणि याला ब्लूज नाच म्हणू लागली. हळूहळू त्याचे स्वतंत्र वर्ग निघाले. पण शिकवणारे बहुतेक लिंडीवाले, म्हणून सुरुवातीला जे शिकवलं गेलं त्यात मंद केलेला लिंडी आणि चित्रपटातला प्रणय यांचंच मिश्रण जास्त. इथे कोणी पोस्टमन फोनवर सापडणार नव्हता. ज्या आज्या आणि मावश्या स्वयंपाकघरात रेडिओ लावून हा नाच नाचत होत्या, त्यांना कोणी कलावंत म्हणून ओळखत नव्हतं. नंतरच्या काही शिक्षकांनी, विशेषतः काळ्या शिक्षकांनी, उलटा प्रवास केला: घरातल्या वडीलधाऱ्यांकडे, शिकागो आणि मिसिसिपीच्या बारमध्ये, जुन्या चित्रफितींकडे. त्यामुळे वर्गांतली भाषा बदलली. पावलांच्या यादीऐवजी वजन कुठे आहे, पाठीचा कणा कसा आहे, गायकाच्या ओळीला उत्तर कसं द्यायचं, याबद्दल बोलणं सुरू झालं.

वर्गांची गोची मी मघाशी म्हटली ती ही. लिंडीत 1990 च्या दशकाअखेर ‘सॅव्हॉय शैली’ आणि डीन कॉलिन्सच्या नावाची ‘हॉलिवूड शैली’ असे दोन पंथ पडले आणि त्यांची तुंबळ भांडणं झाली. कॉलिन्स स्वतः सॅव्हॉयमधून शिकला होता, आणि सॅव्हॉयमध्ये एक शैली कधी नव्हतीच. ज्या सॅव्हॉयमध्ये प्रत्येकाचा नाच वेगळा होता, त्याच्या नावाने शंभर जण आरशासमोर रांगेत उभे राहून एकसारखं वाकू लागले. याचा दोष फ्रँकीला देता येत नाही. तास एक, विद्यार्थी शंभर, तर दुसरं होणार काय?

या सगळ्या कथेत एक नाव नेहमी मागे पडतं. मामा लू पार्क्स सॅव्हॉयमध्ये काम करायची. सॅव्हॉय बंद झाल्यावर हार्लेममधल्या पोरांना लिंडी शिकवणं तिने थांबवलं नाही. त्यांना ती हार्वेस्ट मून बॉल या वार्षिक स्पर्धेसाठी तयार करायची आणि स्वतःचा ताफा चालवायची. 1980 च्या दशकात लंडनच्या उत्साही तरुणांनी युरोपच्या दौऱ्यावर आलेला तिचा ताफा पाहिला, आणि त्यातून तिथल्या मंडळींनी आपला गट बांधला. स्वीडिश आणि कॅलिफोर्नियाच्या मंडळींनी मेलेला नाच शोधून जिवंत केला, ही कथा हार्लेममधल्या अनेकांना का खुपते, ते मामा लू आठवली की समजतं. तिच्या तालमीत नाच चालूच होता. तो कोणी बघायला येत नव्हतं, एवढंच.

गेल्या काही वर्षांत हा हिशोब जरा उघडपणे मांडला जातो. जगभरच्या शिबिरांत शिकवणारे आणि शिकणारे बहुसंख्य गोरे किंवा पूर्व आशियाई, काळे बोटावर मोजण्याइतके. तिकिटं आणि शुल्क परवडत नाहीत. शिष्यवृत्त्यांसाठी निधी उभे राहिले, फ्रँकीच्या नावाने प्रतिष्ठान आहे. आणि लटाशा बार्न्ससारखे शिक्षक आले. व्हर्जिनियातल्या रिचमंडची ही नर्तकी अमेरिकी सैन्यात नोकरी करून आलेली, हाऊस नाचात जागतिक स्तरावर जिंकलेली, आणि मग लिंडीकडे वळलेली. 2021 मध्ये आलेल्या ‘द जॅझ कंटिन्यूअम’ या तिच्या कार्यक्रमात लिंडी, हिप-हॉप आणि हाऊस एकाच रंगमंचावर येतात. ती आता ॲरिझोना स्टेट विद्यापीठात नाच शिकवते, पगारी प्राध्यापक म्हणून.